बुडाला भोक नाही

वीजबिल दुप्पट आलं, म्हणून शोधत निघालो.
फ्रिज ठीक. गीझर बंद. पंखे मोजले.
कौस्तुभच्या खोलीत लोखंडी कपाटाच्या फटीतून
जांभळा उजेड ठिबकत होता,
नीट न बंद केलेल्या नळासारखा.

दार उघडलं.
शर्ट एका कडेला दाबलेले, त्याच्या दहावीच्या फायलीसकट.
आत चकचकीत कागद, पोळ्या गुंडाळतात तो,
वेळ लावलेला दिवा,
आणि दह्याच्या सात डब्यांत सात रोपं.

सातही आजारी.

एकतीस वर्षं मी रबाळ्याच्या कंपनीत माळी होतो.
तिथे रंग बनायचे, गेटपाशी माझी हिरवळ होती.
वारा फिरला की सदाफुलीची पानं रात्रीत करपायची
आणि साहेब विचारायचे, काय रे, पाणी नाही घातलंस?
चिमणीकडे कुणी बघायचं नाही.
त्यामुळे रोप दिसलं की माझा हात आधी पुढे जातो,
डोकं मागून येतं.

हात गेला.
माती म्हणजे चिखल. बोट घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत ओल,
वास शिळ्या भाताचा.
दोन रोपं मुळाशी दोऱ्याएवढी होऊन आडवी,
त्यांचं संपलं.
बाकीची उंच, नुसती उंच,
दिव्याकडे माना ताणून उभी, पायात दम नाही.
खालची पानं पिवळी, कडा वाळून वर वळलेल्या.
वारा नाही लागलेला एकालाही, जन्मापासून.
डबा उचलून उलटा पाहिला.
बुडाला भोक नाही.
अरे पोरा, बुडाला भोक नाही!
पाणी जाणार कुठे?

मग त्यातल्या धट्ट्याकट्ट्याचं पान उजेडात धरलं.
कड करवतीची.
मिरची नाही. झेंडू नाही, झेंडू आधीच सांगतो.
तिसऱ्या जोडीला बोटं फुटायला लागलेली,
तीन.

मी त्याच्या खाटेवर बसलो.

हे झाड मला ठाऊक होतं.
कंपनीच्या भिंतीमागे, नाल्याच्या कडेला, डांबरगोळ्यांच्या वासात
आपोआप उगवायचं. ट्रकवाले तिकडे रेंगाळायचे
आणि पावसाळा संपला की सिक्युरिटीचा तावडे मला पाठवायचा:
उपट बाबा, नाहीतर आपण जाऊ आत.
मी उपटायचो, पेटवायचो, पुढच्या वर्षी पुन्हा.
कुणी थेंब पाणी घातलं नव्हतं त्याला,
कुणी दिवा लावला नव्हता,
आणि मरायचं नाव घ्यायचं नाही.
इथे कपाटात, चकचकीत कागदात,
तळहातावर जपलेलं,
पाण्यात बुडून मरतंय.

कुमुद सहाला येईल, ऐरोलीच्या अंगणवाडीतून.
खाली सोसायटीचा पेंडसे, त्याचं नाक लांब.
हे सगळं डोक्यात आलं, पण उशिरा, रांगेतल्या शेवटच्यासारखं.
आधी आलं ते हे की
मी याला कधी एक रोप लावायला शिकवलं नाही.
रविवारी घरी असलो की मी झोपायचो,
माझ्या नखांतली माती त्याला आवडायची नाही
आणि मलाही वाटायचं, बरंय, याने नको.

फोन लावला. तिसऱ्या घंटीला उचलला.
मागे कुठेतरी गाड्या, कुणीतरी हसतंय.
हां पप्पा?
मला ओरडायचं होतं. ठरवून ठेवलं होतं.
तोंडातून निघालं,
डब्यांना भोकं का नाही पाडलीस?

पलीकडे हसू थांबलं.
गाड्या जात राहिल्या, मला वाटलं ठेवला फोन.
मग अगदी बारीक आवाजात,
दहा वर्षांचा असताना ताप आला की बोलायचा तसा,
पप्पा, किती वाचलीत?

पाच, मी म्हणालो.
दिवा बंद केला, कपाट उघडंच ठेवलं.
तू आधी घरी ये.
मी हात लावत नाही.
उपटायची तुला आहेत, मातीसकट, माझ्यासमोर,
आणि मग नखं धुवायला
माझ्याच शेजारी उभा राहा.